निम्मा खटारा

आप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, वर्षश्राद्धाचा फ्लेक्स करायला मी कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका दुकानात गेलो, तेव्हा माझ्या आधी बाकावर दोघं बसलेले होते. महापालिकेच्या निवडणुकीचे दिवस. दुकानात शाईचा डोळ्यांना झोंबणारा वास, मशीनची घरघर आणि फरशीवर वाळत पडलेली नेत्यांची तोंडं. पाय ठेवायचा तरी कुठं? बाकावरचे दोघं एकाच आघाडीचे, पण दोन पक्षांचे. (पक्ष कुठले ते सांगत नाही. तुम्ही हे वाचाल तोवर ते तिसऱ्याच आघाडीत असायचे.) संगणकावरच्या पोराला एकजण म्हणाला, "त्यास्नी सांग, आमच्या साहेबांचा फोटो दोन बोटं वर पाहिजे." दुसरा हातभर अंतरावर बसलेला. त्याला ऐकू गेलं नसेल असं शक्यच नव्हतं. तरी तो थोडा वेळ थांबला, समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघितलं आणि म्हणाला, "त्यास्नी म्हणावं, वर घेतला तर आमच्या साहेबांचा फेटा कापतोय." पोरगा दोघांकडंही न बघता माऊस सरकवत होता. शेवटी त्यानं ड्रॉवरमधून शाळेतली पट्टी काढली, स्क्रीनला लावली आणि दोन्ही डोकी मोजून दाखवली. एका साहेबांचं डोकं दुसऱ्यापेक्षा दोन मिलिमीटर मोठं निघालं. त्यावर पुन्हा "त्यास्नी सांग" सुरू झालं.

दोघं चहाला गेले. दोन वेगळ्या गाड्यांवर. मी पोराला विचारलं, काय भानगड आहे? तो म्हणाला, मागच्या एका निवडणुकीत यांची मारामारी झाली होती. एकाच्या डोक्याला टाके, दुसऱ्याचा हात गळ्यात. दोघांनी एकमेकांवर केसा घातल्या, त्या अजून चालू आहेत. तारखेला दोघंही कसबा बावड्याच्या कोर्टात जातात. "आता आघाडी झालीया, तर एकाच गाडीवर जात असतील," मी म्हणालो. पोरगा हसला. "न्हाई ओ. पण कोर्टाच्या दारात आता एकमेकास्नी नमस्कार घालत्यात. साहेबांनी सांगितलंय म्हणून." मग त्यानं माझी फाईल उघडली. आप्पांचा फोटो, टोपीतला. जन्म, मृत्यू, वर्षश्राद्ध. खाली 'शोकाकुल' असं टाईप करून तो थांबला. "नावं सांगा. आणि कुठल्या क्रमानं ते बी सांगा, मागनं लोक भांडत येत्यात."

मी म्हणालो, उद्या सांगतो.

रंकाळ्यावरून घरी येताना ते 'त्यास्नी सांग' डोक्यात फिरत राहिलं. कारण ते मी पहिल्यांदा ऐकत नव्हतो. करवीर तालुक्यातल्या आमच्या घरात मी त्याच भाषेत वाढलो. आप्पा आणि त्यांचे थोरले भाऊ, म्हणजे आमचे थोरले आबा, एका चौकातल्या दोन सोप्यांवर समोरासमोर बसून जेवायचे आणि मधे बसलेल्या आज्जीमार्फत बोलायचे. "आई, त्येला सांग, उद्यापास्नं पाण्याची पाळी त्येची." आज्जी भाकरी थापता थापता म्हणायची, "मी काय टपालपेटी हाय व्हय रं?" पण निरोप ती पोचवायचीच, आणि तोही शब्दाला शब्द. ऐकलेलं पुन्हा एकदा ऐकल्यावरच थोरले आबा मान हलवायचे. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्या घरी असंच असतं.

भांडण भिंतीवरून झालं होतं. फेब्रुवारी 1978 ची विधानसभा. आप्पा शेकापचे, म्हणजे शेतकरी कामगार पक्षाचे, विशी ओलांडलेले, गावात लाल बावटा खांद्यावर घेऊन फिरणाऱ्या पोरांचे म्होरके. आमच्या सांगरूळकडच्या पट्ट्यात तेव्हा शेकापचं वजन होतं. थोरले आबा काँग्रेसचे, सोसायटीत बसणारे, कडक इस्त्रीच्या टोपीचे. घराची रस्त्याकडची भिंत लांबलचक आणि सामाईक. आप्पांनी एका रात्रीत काव कालवून त्या भिंतीवर शेकापची निशाणी, बैलांसकट खटारा, काढला. गावात तेवढा मोठा खटारा कुणी काढला नव्हता म्हणतात. सकाळी थोरल्या आबांनी तो बघितला, काही बोलले नाहीत. परसातून चुन्याची बादली आणली, फूटपट्टीनं भिंतीचा मध्य काढला आणि आपल्या वाटणीच्या निम्म्या भिंतीवर चुना मारला. नेमके बैल त्यांच्या हद्दीत होते. राहिला तो एक चाक, निम्मी साटी आणि हवेत संपणारं जू. मतदानापर्यंत येणारा-जाणारा त्या बिनबैलाच्या खटाऱ्याकडं बघून हसत होता. आप्पांनी तो पुसला नाही आणि आबांनी पुन्हा चुना मारला नाही. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद झालं ते झालंच.

त्या निवडणुकीत कुणालाच बहुमत नव्हतं. जनता पक्षाला 99, एका काँग्रेसला 69, दुसऱ्या काँग्रेसला 62, शेकापला 13. जानेवारीत एकमेकींपासून फुटलेल्या दोन काँग्रेस मार्चमध्ये एकत्र बसल्या, वसंतदादा मुख्यमंत्री आणि तिरपुडे उपमुख्यमंत्री. चार महिन्यांत ते सरकार गेलं आणि 18 जुलैला पुलोद, म्हणजे पुरोगामी लोकशाही दलाचं सरकार, आलं. मुख्यमंत्री शरद पवार, सदतीस वर्षांचे. पुढचं तुम्हाला पाठ आहे. मला त्यातली एकच गोष्ट कायम मोहात पाडते. त्या मंत्रिमंडळात जुने जनसंघी उत्तमराव पाटील महसूल सांभाळत होते आणि मार्क्सवादी म्हणवणारे शेकापचे एन. डी. पाटील सहकार. एका टेबलाला बसणाऱ्या या दोन पाटलांचं जग कसं बनलं आणि कसं बदलायचं यावर एका वाक्यातही एकमत झालं नसतं. आप्पा मात्र खूष होते. एन. डी. सर म्हणजे त्यांचं दैवत, आणि दैवत मंत्री झालेलं. थोरले आबा वसंतदादांना मानणारे, ते आठवडाभर जेवणाच्या वेळीसुद्धा टोपी काढत नव्हते. 17 फेब्रुवारी 1980 ला इंदिरा गांधींच्या सरकारनं पुलोद बरखास्त केलं, त्या दिवशी आज्जीला म्हणे त्यांनी फक्त एक निरोप दिला. "त्येला सांग, आता बैल बी गेलं आन् खटारा बी."

पण हे सगळं चालू असताना विहीर चालू होती. हे मला फार उशिरा लक्षात आलं. घर वाटलं, जमीन वाटली, विहीर वाटता येईना, ती आठ-आठ आण्यांत सामाईक राहिली. तिच्या मोटारखोलीत खिळ्याला एक वही टांगलेली असायची. शाळेची, दोनशे पानी, कोपरे तेलकट. तीन दिवस आप्पा, तीन दिवस थोरले आबा. रात्रीची लाईट असेल तर तास मोजून, लाईट गेली तर तेवढे तास पुढच्या पाळीत. फूटव्हॉल्व्ह बदलला, इतके रुपये, निम्मे तुमचे. गाळ काढला, गडी चार, निम्मे तुमचे. आप्पांचं अक्षर तिरकं, आबांचं ठोकळ्यासारखं. आज्जी गेल्यावर तर ती वहीच टपालपेटी झाली. चाळीस वर्षांत त्या वहीत एकही शिवी नाही, एकही वाक्य नाही खरं तर, नुसत्या तारखा आणि आकडे. उसाला पाणी मात्र कधी चुकलं नाही. किमान समान कार्यक्रम हा शब्द पहिल्यांदा पेपरात वाचला तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर ती खिळ्याला टांगलेली वहीच आली होती.

तरी भाऊ ते भाऊ झाले नाहीत.

1999 साली एक गंमत झाली. सोनिया गांधींच्या परदेशी जन्माच्या मुद्द्यावरून जूनमध्ये राष्ट्रवादी वेगळी निघाली, सप्टेंबरात काँग्रेसविरुद्ध लढली, आणि ऑक्टोबरात त्याच काँग्रेसबरोबर सरकारात बसली. विलासराव मुख्यमंत्री, भुजबळ उपमुख्यमंत्री. त्या लोकशाही आघाडीत शेकापही होता आणि आघाडीचे निमंत्रक होते एन. डी. सर. म्हणजे आयुष्यात पहिल्यांदा आप्पा आणि थोरले आबा एकाच सरकारचे झाले. आज्जी तेव्हा होती, डोळ्यांनी अधू झालेली. तिनं दोघांना एका संध्याकाळी समोर बसवलं आणि म्हणाली, "आता सरकारबी एक झालं तुमचं. बोला की आता तरी." आप्पा खाली बघत राहिले. थोरल्या आबांनी चंची उघडली, पान लावलं, सावकाश चुना फिरवला आणि थेट आज्जीला म्हणाले, "सरकार मुंबईत हाय. भिंत हितं हाय."

त्या वाक्यावर मी पंचवीस वर्षं अडकलोय. 2002 मध्ये रायगडातल्या राष्ट्रवादी-शेकापच्या भांडणातून शेकाप सरकारबाहेर पडला, तेव्हा कळलं की भिंती मुंबईपर्यंतही पोचतात. पण आबांचं म्हणणं त्याहून खोल होतं. वरती जे एकत्र येतात त्यांच्यातली भिंत मुळात पातळ असते. एन. डी. सर आणि पवार वर्षानुवर्षं एकमेकांच्या विरोधात, पण नातं मेहुण्यांचं. सरांच्या पत्नी पवारांच्या सख्ख्या बहीण. सभेत टीका करायची आणि राखी पौर्णिमेला एकाच ताटाशी बसायचं, यात दोघांनाही काही विसंगत वाटलं नसावं. वाटू नयेच. खालचा माणूस मात्र पक्ष मनावर घेतो तो अंगावर घेतो. त्याचे टाके असतात, तारखा असतात, मोडलेली सोयरीक असते. करारात खाती वाटली जातात, महामंडळं वाटली जातात. खाली धरलेलं वैर परत कुणाकडं जमा करायचं, त्याचं कलम मी तरी कुठल्या कार्यक्रमात वाचलेलं नाही.

आता यावर कुणी म्हणेल, मग वेगवेगळ्या विचारांच्या लोकांनी एकत्र येऊच नये काय? तसं माझं म्हणणं नाही. आप्पांचंही नव्हतं. 23 नोव्हेंबर 2019 च्या सकाळी आम्ही दोघं टीव्हीसमोर बशीत चहा ओतून बसलो होतो आणि राजभवनातला फडणवीस आणि अजित पवारांचा तो शपथविधी दिसला. आप्पा आधी टीव्हीचा चष्मा शोधायला लागले, नंतर हसायला. मी चिडून म्हणालो, यांना विचार म्हणून काही आहे का नाही? तेव्हा ते गंभीर झाले. म्हणाले, संयुक्त महाराष्ट्र समिती आठव. आठवायला मी जन्मलोही नव्हतो, पण त्यांना तसं म्हणायची सवय होती. कम्युनिस्ट, समाजवादी, शेकाप, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन, जनसंघ, सगळे एका मांडवात. कम्युनिस्ट डांगे आणि समाजवादी एस. एम. जोशी यांचं कशावर पटत होतं? पण काय मिळवायचं ते एकच होतं आणि ते गल्लीतल्या पोरालाही ठाऊक होतं. 1960 ला ते मिळालं आणि समितीतले आपापल्या घरी गेले. "पैरा फिटला," आप्पा म्हणाले.

पैरा हा आमच्याकडचा शब्द. तुझा एक बैल, माझा एक बैल, दोन्ही मिळून औत. आधी तुझं रान, मग माझं. किंवा भांगलणीला आज चार बायका तुझ्याकडं, उद्या त्याच माझ्याकडं. पैऱ्याला जात विचारत नाहीत, पक्षही नाही. पण दोन गोष्टी लागतात. रान कुठलं आणि किती, हे आधी ठरलेलं असतं. आणि ज्याचं काम आधी झालं त्यानं दुसऱ्याच्या रानात यावंच लागतं. न आलेल्या माणसाला पुढच्या पावसाळ्यात कुणी बैल देत नाही. 'आघाडी' या शब्दात लढाईचा वास आहे आणि 'युती' तर पंचांगातली. 2020 च्या डिसेंबरात गुरू-शनीची युती बघायला आम्ही गच्चीवर चढलो होतो. दोन ठिपके चिकटल्यासारखे. प्रत्यक्षात त्यांच्यात कोट्यवधी मैल. आपण जिथं उभे आहोत तिथून तेवढे जवळ दिसतात. मुंबईत तेव्हा तीन पक्षांचं सरकार होतं. मला ते ठिपके बघताना हसू आलं आणि आप्पांनी विचारलं तर सांगता येईना.

पैरा मी स्वतः बघितला तो कोल्हापुरातल्या टोलविरोधी आंदोलनाच्या वेळी. कोल्हापूरकरांना यातलं काही सांगायला नको. सर्वपक्षीय कृती समिती, मोर्चे, नाके, पेटलेले दिवस. दसरा चौकातून निघालेल्या एका मोर्चात मी आप्पांबरोबर होतो. लाल बावटा, त्याला घासून भगवा, त्याच्या मागं आणखी कुठले कुठले झेंडे, आणि सगळ्यांच्या पुढं म्हातारे एन. डी. सर आणि कम्युनिस्ट नेते गोविंद पानसरे, आमचे पानसरे अण्णा. एरवी बिंदू चौकात या म्हणून एकमेकांना आव्हान देणारी माणसं एकमेकांना पाण्याच्या बाटल्या देत होती. तिथं मला थोरल्या आबांचा मुलगा, आमचा दादा, दिसला. राज्यात सरकार त्यांच्याच पक्षाचं, म्हणून त्यानं झेंडा घेतला नव्हता. नुसताच चालत होता, घाम पुसत. आप्पांनी त्याला बघितलं आणि टोपी काढून त्याच्या डोक्यावर ठेवली. ऊन होतं म्हणून, असं नंतर म्हणाले. थोरले आबा मोर्चाला आले नाहीत, पण टोलही त्यांनी कधी भरला नाही. शहरात यायचं तर आडवाटेनं यायचे, तेवढा त्यांचा सहभाग. फेब्रुवारी 2015 मध्ये पानसरे अण्णांना गोळ्या घातल्या. टोल गेलेला बघायला ते राहिले नाहीत. त्या वर्षाच्या अखेरीस टोल गेला, आणि समितीतले लोक पुढच्या निवडणुकीत पुन्हा एकमेकांच्या उरावर बसले. तसंच व्हायला हवं होतं. रान नांगरून झालं होतं.

त्यामुळं 2019 बद्दल माझं मन अजून दोन्हीकडं झुकतं. आमच्या करवीरमध्ये 21 ऑक्टोबरला सरळ लढत काँग्रेस आणि शिवसेनेची होती. पी. एन. पाटील जिंकले, चंद्रदीप नरके पडले. गावागावात दोन गट, दोन चहाच्या टपऱ्या, बोलणं तुटलेलं. 28 नोव्हेंबरला उद्धव ठाकरेंच्या शपथविधीला शिवाजी पार्कवर दोन्ही पक्ष एका व्यासपीठावर. मधे मोजून 38 दिवस. सुतकसुद्धा तेरा दिवस धरतो आपण, वर्षश्राद्धाला वर्ष थांबतो. वैर संपवायला 38 दिवस म्हणजे आमच्याकडं काहीच नव्हेत. 2022 च्या एप्रिलात कोल्हापूर उत्तरची पोटनिवडणूक लागली तेव्हा शिवाजी पेठेतला माझा एक मित्र, हाडाचा शिवसैनिक, ज्या पंजानं त्याच्या उमेदवाराला 2019 ला पाडलं त्याच पंजाच्या स्लिपा घरोघर वाटत होता. मी विचारलं, कसं वाटतंय? म्हणाला, "आदेश हाय." थोडं थांबून म्हणाला, "पायऱ्या चढताना काय वाटत न्हाई रं. दार उघडलं की वाटतं." दोन महिन्यांनी पक्षच फुटला. कुठल्या बाजूला गेलास, असं मी त्याला अजून विचारलेलं नाही. गोकुळ दूध संघाला एक पॅनेल, विधानसभेला दुसरं, गावच्या सोसायटीला तिसरं, असं आमच्याकडं पूर्वीपासून चालतं, त्याची कुणी लाज धरत नाही. पण दारात उभ्या राहिलेल्या त्याच्या चेहऱ्याचं काय करायचं ते मला कळलेलं नाही.

थोरले आबा 2017 ला गेले. आप्पांनी खांदा दिला. बोलणं झालं नव्हतं, शेवटपर्यंत नाही. तिसऱ्या दिवशी राख सावडून आल्यावर आप्पा तसेच मळ्यात गेले, मी मागून. मोटारखोलीत वही काढली आणि त्यांच्या तिरक्या अक्षरात लिहिलं, 'थोरले, तीन दिवस'. पाळी आबांची होती. दारं धरायला कुणी नव्हतं, दादा घरी लोकांत बसलेला. आप्पांनी मोटर चालू केली आणि रात्री उशिरापर्यंत भावाच्या उसाला पाणी पाजलं. मी बॅटरी धरून बांधावर उभा होतो. काही बोलावं असं मला वाटलं, पण त्या घरात मी वाढलो होतो.

दुसऱ्या दिवशी फ्लेक्सच्या दुकानात गेलो, तर ती आघाडी बाहेर दोरीवर वाळत होती. दोन्ही साहेब अगदी एका मापाचे. कुणाचाच फेटा कापला नव्हता, कारण दोघांचेही फेटे काढून टाकले होते. बाकावरच्या त्या दोघांचे छोटे गोल फोटो खाली शुभेच्छुकांत होते, एक डाव्या टोकाला, एक उजव्या टोकाला. मी पोराला नावं सांगितली. आधी दादाचं, मग माझं, मग बाकीची भावकी वयानं. "चुलत भावाचं आधी?" पोरगा म्हणाला. "सख्खं मागं?" मी म्हटलं, घाल तसंच.

वर्षश्राद्धाच्या आदल्या संध्याकाळी तो फ्लेक्स गावात चावडीच्या कोपऱ्यावर बांधायला दादाच शिडी घेऊन आला. दोरी ओढली, गाठ मारली, खाली उतरून चार पावलं मागं गेला आणि फ्लेक्स वरपासून खालपर्यंत वाचला. आपल्या नावापाशी किती वेळ थांबला ते मला अंधारात दिसलं नाही. शिडी खांद्यावर घेता घेता म्हणाला, "मोटर जळलीया. रिवाइंडिंगला टाकलीया मी." 2024 पासून शेतीपंपाचं बिल माफ झालं तेव्हापासून आमच्यात वाटून घ्यायला तेवढंच काय ते उरलंय.

"किती झाले?" मी विचारलं.

"वहीत लिवलंय," तो म्हणाला. "निम्मं तुझं."